तत्काळ छापलेले यश, उशिरा छापलेला न्याय

पोलिओचे थेंब असोत वा सर्पदंशावरचे प्रतिविष, हाफकिन हे नाव महाराष्ट्रातील सरकारी रुग्णालयांत कित्येक पिढ्या ऐकू येत आले आहे. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांनाही ते अपरिचित नाही. मात्र हे परळच्या एका संस्थेचे नाव, एवढीच त्याची ओळख बहुतेकांना असते. ते एका माणसाचे नाव होते, तो माणूस डॉक्टर नव्हता आणि मुंबईला लस देणाऱ्या याच माणसावर पुढे एकोणीस जणांच्या मृत्यूचा ठपका ठेवला गेला होता, हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

वाल्देमार मोर्देकाय हाफकिन यांचे चरित्र आज नव्याने वाचावे, असे एक कारण आहे. २०२० मध्ये करोनाची साथ आली तेव्हा तातडीच्या उपचार कक्षात उभ्या असलेल्या डॉक्टरांपुढे एक विचित्र पेच होता. समोरचा रुग्ण गुदमरत होता आणि उपचारांविषयीचे शोधनिबंध रोज शेकड्यांनी प्रसिद्ध होत होते. त्यातील कशावर विश्वास ठेवावा, हे सांगायला कुणाला सवड नव्हती. साथीच्या दिवसांत संशोधन थांबून, तपासून छापावे, की माणसे मरत असताना हाती आले तेवढे लगेच जगापुढे ठेवावे? हा प्रश्न नवा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत प्लेग आला तेव्हा तो हाफकिन यांच्यापुढे उभा होता. त्यांचे यश वेगाने छापले गेले. त्यांच्यावरील आरोपाचे कागद मात्र चार वर्षे बंद राहिले. त्यांच्या आयुष्याची दिशा या दोन वेगांमधील अंतराने ठरवली.

ओडेसा ते पॅरिस

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा या शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. तेव्हा हे शहर रशियन साम्राज्यात होते. तेथील विद्यापीठात इल्या मेचनिकोव्ह हे प्राणिशास्त्रज्ञ त्यांना गुरू म्हणून लाभले. शरीरातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हे दाखवणारे आणि पुढे १९०८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळवणारे हेच ते मेचनिकोव्ह.

विद्यार्थिदशेत हाफकिन झारविरोधी चळवळीत ओढले गेले. ज्यू वस्त्यांवर हल्ले होऊ लागले तेव्हा संरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत ते होते. त्यांना अटक झाली. मेचनिकोव्ह यांच्या रदबदलीने ते सुटले. विद्वत्ता असूनही प्राध्यापकपदाचा मार्ग त्यांना बंद होता. धर्म बदलला असता तर तो उघडला असता; परंतु ते त्यांनी नाकारले. काही वर्षे त्यांनी ओडेसातील प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात एकपेशीय जीवांवर काम केले. १८८८ मध्ये त्यांनी देश सोडला, जिनिव्हात अल्पकाळ अध्यापन केले आणि १८८९ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले. तेथे जागा रिकामी होती ती ग्रंथपालाची. ती त्यांनी स्वीकारली आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत काम सुरू केले.

त्या वेळी पटकीची साथ युरोपच्या उंबरठ्यावर होती. पटकीच्या जंतूंवर लस तयार करण्याचे काम हाफकिन यांनी हाती घेतले. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती लस स्वतःलाच टोचून घेतली. त्यानंतर अवघ्या बारा दिवसांनी, ३० जुलै रोजी, पॅरिसच्या जीवशास्त्र सोसायटीपुढे त्यांनी आपले निष्कर्ष मांडले. प्रयोग आणि प्रसिद्धी यांत दोन आठवड्यांचेही अंतर नव्हते. साथ दाराशी असताना थांबणे त्यांना मान्य नव्हते.

मात्र हा वेग सर्वांना रुचला नाही. लस परिणामकारक आहे याचा पुरावा मोजक्या माणसांवरच्या टोचणीतून मिळत नाही, ही शंका रास्त होती. पुरावा हवा तर साथ सुरू असलेल्या ठिकाणी जायला हवे होते. त्यासाठी हाफकिन १८९३ मध्ये भारतात आले.

कलकत्त्याच्या वस्तीतील धडा

भारतात त्यांनी जे केले त्याचे महत्त्व लसीइतकेच पद्धतीतही आहे. एकाच वस्तीत, एकाच घरात, एकाच तळ्याचे पाणी पिणाऱ्या माणसांपैकी काहींनी लस घेतली आणि काहींनी घेतली नाही, तर रोग आल्यावर दोघांची तुलना करता येते, हे त्यांनी हेरले. १८९४ मध्ये कलकत्त्याच्या एका वस्तीत पटकीचे रुग्ण सापडल्याचे कळताच त्यांनी तेथे धाव घेतली. सुमारे दोनशे रहिवाशांपैकी ११६ जणांनी टोचून घेतले. त्यानंतर वस्तीत पटकीचे आणखी दहा रुग्ण आढळले. ते सर्व टोचून न घेतलेल्यांपैकी होते.

दीड-दोन वर्षांत उत्तर भारतापासून आसामच्या चहामळ्यांपर्यंत फिरून त्यांनी हजारो लोकांना लस दिली. ती ऐच्छिक होती. या भटकंतीत त्यांना हिवतापाने गाठले आणि १८९५ मध्ये प्रकृतीसाठी युरोपात परतावे लागले. आपल्या अहवालात त्यांनी लसीची मर्यादाही नोंदवली. लस रोग होण्याचे प्रमाण घटवते. पण एकदा रोग झाला तर मृत्यूची शक्यता त्या प्रमाणात कमी होत नाही, असे त्यांच्या निरीक्षणातून दिसत होते. यशाबरोबर उणीवही लिहायची ही सवय पुढे त्यांच्या कामी आली.

मुंबई, १८९६

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी एका रुग्णाच्या लक्षणांवरून प्लेगचे निदान केले. आधी यंत्रणेने ते मान्य करण्यास खळखळ केली. मग शहर घाबरले. लोक आगगाड्या भरभरून मुंबई सोडू लागले. सरकारने भारतात परतलेल्या हाफकिन यांना पाचारण केले. ७ ऑक्टोबर १८९६ रोजी ते मुंबईत पोहोचले.

भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि व्हरांडा मिळाला. हाताशी एक कारकून आणि तीन शिपाई. मांसाच्या रसात तुपाचे थेंब सोडले की त्या थेंबांना धरून प्लेगचे जंतू लोंबकळत वाढतात, हे त्यांना दिसले. असे जंतू भरपूर वाढवायचे, उष्णतेने मारायचे आणि टोचायचे, अशी ही लस होती. तीन महिने रात्रंदिवस काम चालले. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. ताप आला, टोचल्या जागी वेदना झाल्या, पण ते बरे झाले.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथे कैद्यांपैकी जे राजी झाले त्यांना लस देण्यात आली. बाकीचे तसेच राहिले. अन्न तेच, कोठड्या त्याच, कामही तेच. टोचून घेतलेल्यांत आजार आणि मृत्यूचे प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी राहिले. मात्र कैद्याची संमती कितपत मोकळी असते, हा प्रश्न आज विचारला जाईल आणि तो विचारायलाच हवा.

लंडनच्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हाफकिन यांचे प्लेगप्रतिबंधक लसीविषयीचे टिपण १२ जून १८९७ रोजी छापले गेले. मुंबईहून विलायतेला टपाल बोटीने जायला दोन-तीन आठवडे लागत, त्या काळात हा वेग लक्षणीय होता. तरी निबंध छापला जाण्याआधीच मुंबईत लस घेणाऱ्यांच्या रांगा लागल्या होत्या. संशोधन आधी वापरात आले, नंतर छापले गेले.

हे सारे घडत होते ते वातावरणही लक्षात घ्यायला हवे. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा अमलात आला. त्याच्या आधारे घरझडत्या, सक्तीची विलगीकरण छावणी, सामानाची जाळपोळ सुरू झाली. १० मार्च रोजी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना मृत्यू आला. २२ जून रोजी चाफेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली. हाच साथरोग कायदा २०२० मध्ये करोनाच्या वेळी पुन्हा वापरला गेला. सक्तीने लोक सरकारपासून दूर गेले होते. हाफकिन यांची लस मात्र ऐच्छिक होती. तरुण आगाखान सुलतान मुहंमद शाह यांनी लोकांसमोर ती टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी माझगावचा आपला खुश्रू लॉज हा बंगला दिला. त्यामुळे लसीविषयीची भीती कमी होण्यास मदत झाली.

खानदेशच्या रुळांवरून

मुंबईतून बाहेर पडलेला प्लेग रेल्वेच्या मार्गाने देशभर पसरला. त्या मार्गावर खानदेश होता. भुसावळ हे नागपूर आणि उत्तर हिंदुस्थानकडे जाणाऱ्या रुळांचे मोठे जंक्शन. चाळीसगावहून धुळ्याला जाणारा फाटा १९०० मध्ये सुरू झाला. कापसाच्या व्यापाराने जळगाव, अमळनेर, धुळे ही गावे मुंबईशी बांधलेली होती. माणसांच्या वळकट्या आणि मालाच्या गोण्या यांबरोबर रोगही प्रवास करू शकत होता. कसा, ते मात्र तेव्हा सिद्ध झालेले नव्हते. तेव्हा हा सारा मुलूख खानदेश या एकाच जिल्ह्यात होता. जळगावचा पूर्व आणि धुळ्याचा पश्चिम खानदेश अशी विभागणी १९०६ मध्ये झाली.

या साथीची खानदेशातील सर्वांत जवळची खूण एका कवयित्रीच्या घरात सापडते. असोद्यात जन्मलेल्या आणि जळगावच्या चौधरी वाड्यात नांदलेल्या बहिणाबाईंचे थोरले चिरंजीव ओंकार यांना प्लेगने कायमचे अपंगत्व आले, अशी नोंद त्यांच्या चरित्रात आहे. उंदीर मरून पडू लागले की गाव मोकळे करायचे आणि शेतात झोपडी घालून राहायचे, ही त्या काळात महाराष्ट्रभर रूढ झालेली रीत होती. शास्त्रज्ञांचे एकमत होण्याआधी गावकऱ्यांनी उंदराचा आणि रोगाचा संबंध ओळखला होता.

आकडे आणि आक्षेप

फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंढेरा या गावी हाफकिन यांनी कलकत्त्याचा प्रयोग अधिक काटेकोरपणे केला. प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्यांना लस द्यायची आणि निम्म्यांना द्यायची नाही, अशी रचना होती. पुढे ज्या घरांत प्लेग शिरला त्यांतील टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले, ३ दगावले. न टोचलेल्या ६४ पैकी २७ आजारी पडले आणि त्यांतील २६ दगावले. हा अहवाल आकडेवारीसह प्रसिद्ध झाला. ८ जून १८९९ रोजी हाफकिन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपले काम व्याख्यानरूपाने मांडले आणि ते महिनाअखेरच्या आत लॅन्सेटमध्ये छापून आले.

छापल्यामुळे स्तुती झाली तशीच चिकित्साही झाली. सरकारने सर थॉमस फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग आयोग नेमला होता. हाफकिन यांच्या आकडेवारीतील त्रुटी आणि लसीच्या मात्रेतील अनियमितता आयोगाने दाखवून दिली. तरीही लस उपयुक्त आहे, असा निर्वाळा त्याने दिला. कठोर टीका आणि तरीही स्वीकार, हे उघड छापलेल्या आकड्यांमुळे शक्य झाले. वाद आकड्यांवर झाला, माणसावर झाला नाही.

याच आयोगाने दुसऱ्या एका निबंधाची मात्र उपेक्षा केली. पॉल-लुई सिमोन या फ्रेंच डॉक्टराने कराचीत प्रयोग करून उंदरावरील पिसू प्लेग पसरवते, असे दाखवले आणि १८९८ मध्ये पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात ते छापले. आयोगाला ते पटले नाही. पुढे मुंबईत डॉ. ग्लेन लिस्टन यांनी पिसवांवर काम केले. त्यांचा निबंध १९०५ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या, म्हणजे पशुपक्ष्यांच्या अभ्यासाला वाहिलेल्या नियतकालिकात आला. त्याच वर्षी परळच्या प्रयोगशाळेत नवे संशोधन मंडळ काम करू लागले. त्याचे अहवाल छापण्यासाठी इंग्लंडच्या जर्नल ऑफ हायजीनने १९०६ पासून प्लेगचे स्वतंत्र विशेषांकच काढले. पिसू हीच वाहक, हे त्यांतून सर्वमान्य झाले. सिमोन यांचा निबंध छापून तोवर आठ वर्षे लोटली होती. घाईने छापलेले सारे चुकीचे नसते आणि आयोगाने नाकारलेले सारे खोटे नसते, हे यातून दिसले.

मुल्कोवालची बाटली

१० ऑगस्ट १८९९ रोजी हाफकिन यांची प्लेग संशोधन प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. तेथून देशभर लस जाऊ लागली. १९०२ मध्ये पंजाब सरकारने लाखो लोकांना टोचण्याची मोहीम आखली. एवढी लस वेळेत पुरवायची तर उत्पादनाचा वेग वाढवणे भाग होते. हाफकिन यांनी कृतीत बदल केले. लसीत शेवटी घालायचे कार्बोलिक आम्ल वगळले आणि निर्जंतुकतेसाठी केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली. पाश्चर संस्थेत ही पद्धत मान्य होती, परंतु येथील ठरलेल्या नियमांत तो बदल होता.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. आठवडाभराने त्यांतील एकोणीस जणांना धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली. ते एकोणीसही जण दगावले. सगळ्यांना लस एकाच बाटलीतून दिलेली होती. त्या दिवशी उघडलेल्या इतर बाटल्यांतून टोचलेल्यांपैकी कुणालाही धनुर्वात झाला नाही.

धनुर्वाताचे जंतू त्या बाटलीत कोठे शिरले, परळला की मुल्कोवालला, या एका प्रश्नावर सारे अवलंबून होते. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. बाटली उघडण्याआधीच, म्हणजे मुंबईत, ती दूषित झाली असावी, असा कौल समितीने दिला. हाफकिन यांना संचालकपदावरून दूर व्हावे लागले. १९०४ मध्ये त्यांनी भारत सोडला.

येथे एक गोष्ट घडली नाही, आणि तीच निर्णायक ठरली. चौकशीचे कागद जगापुढे आले नाहीत. कोणते पुरावे मांडले गेले, कोणत्या साक्षी झाल्या, लंडनच्या लिस्टर संस्थेने काय अभिप्राय दिला, हे शास्त्रज्ञांना तपासता आले नाही. अपघाताची बातमी मात्र पसरली. पंजाबातील लसमोहीम कोलमडली. प्लेग मात्र थांबला नाही. पुढची वर्षे पंजाबसाठी भीषण ठरली. ज्या लसीमुळे अनेकांचे प्राण वाचू शकले असते तिच्यावरचा विश्वास एका बाटलीने आणि तिच्याविषयीच्या मौनाने घालवला. हाफकिन पूर्ण वेतनाशिवाय लंडनमध्ये आपली बाजू मांडत राहिले.

कागद उघडले तेव्हा

घटनेला चार वर्षे उलटल्यानंतर सरकारने चौकशीचे कागद प्रसिद्ध केले. ते छापले जाताच चित्र पालटले. बाटली उघडताना चिमटा हातातून जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता पुन्हा वापरला गेला होता, हा तपशील त्यांत होता. टोचणीनंतर लक्षणे दिसेपर्यंत गेलेला काळही ताज्या दूषिततेकडे बोट दाखवत होता. जंतू परळपासून बाटलीत वाढत असते तर विष आधीच साचले असते आणि लक्षणे लवकर दिसली असती, असा युक्तिवाद तज्ज्ञांनी केला.

हिवतापाच्या संशोधनासाठी १९०२ मध्ये नोबेल मिळवणारे रोनाल्ड रॉस यांनी हे प्रकरण हाती घेतले. त्यांनी नेचर या नियतकालिकात लिहिले. २९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या टाइम्समध्ये एक पत्र प्रसिद्ध झाले. त्यावर रॉस यांच्यासह दहा नामवंत जंतुशास्त्रज्ञांच्या सह्या होत्या. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेचे सायमन फ्लेक्सनर त्यांत होते. हाफकिन यांच्यावरील दोष सिद्ध होत नाही, एवढेच नव्हे तर पुरावा त्याच्या विरुद्ध जातो, असे पत्राचे सार होते. फ्रान्समधील ड्रेफस या ज्यू अधिकाऱ्यावरील खोट्या आरोपाचे प्रकरण तेव्हा ताजे होते. हाफकिन यांच्यावरील अन्यायाची तुलना त्याच्याशी होऊ लागली.

१९०७ च्या अखेरीस सरकारने हाफकिन यांना पुन्हा भारतात नेमणूक देऊ केली. ते परतले, पण परळला नव्हे. त्यांना कलकत्त्यात जागा मिळाली. तेथे पटकीवरील लसीत सुधारणा करण्याचे काम त्यांनी चालवले. मुंबईतील त्यांची प्रयोगशाळा, तेथील अधिकार आणि मधली चार वर्षे त्यांना परत मिळाली नाहीत. १९१४ मध्ये ते निवृत्त झाले आणि भारत सोडून गेले. उर्वरित आयुष्य त्यांनी फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये, ज्यू धर्म आणि शिक्षणाच्या कार्यात घालवले. ते अविवाहित राहिले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांचे निधन झाले.

त्याआधी, १९२५ मध्ये, परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन संस्था हे नाव देण्यात आले होते. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या. १९६४ मध्ये भारताच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

करोनाच्या आरशात

हाफकिन यांच्या काळात निबंध बोटीने जात असे. करोनाच्या काळात तो काही तासांत जगभर जाऊ लागला. तज्ज्ञांच्या परीक्षणाआधीच निबंध मांडण्याची इंटरनेटवरील व्यवस्था वैद्यकासाठी २०१९ मध्ये सुरू झाली होती. पुढच्याच वर्षी साथीने तिला पूर आला. तिचा फायदाही झाला. डेक्सामेथासोन या स्वस्त औषधाने प्राणवायूची गरज असलेल्या गंभीर रुग्णांचे मृत्यू कमी होतात, हे ब्रिटनमधील मोठ्या चाचणीतून जून २०२० मध्ये जाहीर झाले आणि लहान शहरांतील रुग्णालयांनाही ते तत्काळ वापरता आले. ज्या रुग्णालयात महागडे औषध मिळणे कठीण, तेथे ही बातमी सहा महिन्यांनी येऊन चालली नसती.

याच्या उलट उदाहरणही त्याच महिन्याभरातले आहे. २२ मे २०२० रोजी लॅन्सेटने हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधाविषयी निबंध छापला. ६७१ रुग्णालयांतील ९६ हजारांवर रुग्णांची माहिती तपासून ते घातक ठरते, असा त्याचा दावा होता. जागतिक आरोग्य संघटनेने या औषधाची आपली चाचणी थांबवली. संशोधकांनी मूळ माहिती मागितली. ती पुरवणाऱ्या कंपनीने ती दिली नाही. ४ जून रोजी, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत, निबंध मागे घेण्यात आला. नंतरच्या मोठ्या चाचण्यांत या औषधाचा उपयोग होत नसल्याचेच दिसले. पण त्यामुळे तो निबंध खरा ठरत नाही. निष्कर्ष बरोबर असणे आणि पुरावा दाखवता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हा निबंध परीक्षण होऊन, जगातील अग्रगण्य नियतकालिकात आला होता. डेक्सामेथासोनची माहिती परीक्षणाआधी आली होती. तेव्हा केवळ थांबण्याने सत्य हाती लागते असे नाही आणि घाईने ते निसटतेच असेही नाही. मूळ कागद इतरांना पाहू देणे, हा खरा फरक आहे. लॅन्सेटची चूक दोन आठवड्यांत उघड झाली, कारण कागद मागणारे होते आणि न देणाऱ्याला उत्तर द्यावे लागले. मुल्कोवालचे कागद मागणारेही होते. त्यांना चार वर्षे थांबावे लागले.

हाफकिन यांनी आपल्या लसीचे यश छापले, तिची उणीव छापली, टीकाकारांना आकडे दिले. म्हणून त्यांच्या लसीला टीका पचवता आली. त्यांच्यावरील आरोप मात्र बंद पाकिटात राहिला आणि म्हणून त्यांना तो खोडता आला नाही. प्लेगच्या या साथीत भारतात एक कोटीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील किती जण विश्वास डळमळला नसता तर वाचले असते, याचा हिशेब आता कुणालाच मांडता येणार नाही. पुढची साथ येईल तेव्हा उपचार कक्षातील डॉक्टराला निबंध लवकर हवा असेलच. पण निबंध चुकला तर ते सांगणारी दुरुस्तीही त्याला तितक्याच लवकर मिळायला हवी. तातडीच्या कक्षात या दोहोंची गरज सारखीच असते.